तिवई निर्दोष सुटली

— नाही गं बाळा, असं तुकडे तुकडे नाही सांगता यायचं मला. आधी नाव, मग वय, मग आजार — तुझ्या कागदाला सोपं जात असेल, पण माझ्या डोक्यात सगळं रिळासारखं गुंडाळलेलं आहे, टोक सापडलं की आपोआप सुटत येतं, मधूनच ओढलंस तर गुंता होईल. त्यापेक्षा गोष्ट म्हणूनच ऐक ना. एक होता मास्तर, एक होती काजवाली. मास्तर कापड कापायचा, काजवाली काजं करायची, बटणं लावायची. त्यांना होती एक मुलगी, एक मुलगा आणि एक तिवई. हसतेस काय? तिवई घरातलीच होती आमच्या. माणसांपेक्षा तिच्याबद्दलच जास्त बोलणं झालंय आमच्या घरात, आणि आज मी इथे दवाखान्यात या बाकावर बसलेय तीही तिच्याच पायी म्हण — बस, बस ना नीट, त्या उशीवर बस, मीच शिवलीय, कापूस चांगला आहे. तुमचे हे बाक म्हणजे नुसता पत्रा, ज्यानं केला तो कधी बसला नसणार यावर.

तुझ्या खोलीत? नाही, मी नाही येणार. तुझी खोली छान असेल, पंखा असेल, पाणी असेल, पण हे समोरचं दार दिसतंय ना, त्याच्या आत माझी मुलगी आहे, आणि ते दार उघडेल तेव्हा मी इथेच असणार. तू कागद आणलास इथे, बरं केलंस. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष, काळा केला म्हणजे आजारी, तिरकी रेघ म्हणजे गेला. कळलं मला. शाळेत नाही गेले म्हणून काय झालं, नकाशा कळतो. उलट कापडाचा असता तर मीच तुला शिकवला असता.

आत मासोळी आहे. नाव नाही गं, आम्ही म्हणतो तसं. पोहायला शिकवते ती, तिसाव्या वर्षापासून — तलावाच्या काठावर शिट्टी घेऊन उभी असते, एक्कावन्न वर्षांची आहे पण पाय बघ तिचे, खांबासारखे. आयुष्यात सर्दी नाही झाली तिला. आणि काल काय झालं सांगू? तुमचं ते औषध, चार लिटर, खारट — पहिला पेला प्यायली आणि म्हणाली, ‘आई, हे तलावाचंच पाणी भरून दिलंय यांनी.’ मग जी पळापळ सुरू झाली! दुपारपासून दर दहा मिनिटांनी दार धाड, दार धाड. मी म्हटलं, पदकं मिळवलीस तेव्हा तरी एवढ्या वेगात होतीस का? आतून ओरडते कशी, ‘आई, हसवू नकोस, हसवू नकोस, घात होईल!’ — तर अशी ती. आणि आत्ता आत आहे, आणि तुमचा तो डॉक्टर दुर्बीण घालून बघतोय की तिच्या आतड्यात काही उगवलंय का. अर्धा तास म्हणाले होते. किती झाला? — वीसच मिनिटं? तुझं घड्याळ चालतंय ना नीट?

बरं, घे, पिशवी घे. उघड. या पट्ट्या आहेत. नाही, चिंध्या नाहीत, मापं आहेत! मला आकडे लिहिता येत नाहीत, मग मी काय करायचे, घरातल्या प्रत्येक माणसाची एक पट्टी — त्याच्याच कपड्याच्या उरलेल्या कापडाची — आणि तिला चिमटे कापायचे कातरीनं. हा पहिला चिमटा गळा, हा छाती, हा कंबर, हा लांबी. माणूस सुटला की कंबरेचा चिमटा पुढे, वाळला की मागे. रंगावरून माणूस ओळखायचा. मास्तर वहीत लिहायचा आणि वही हरवायचा, माझ्या पट्ट्या बघ, साठ वर्षांच्या आहेत, एक हरवली नाही. तू विचार, मी पट्टी काढते.

ही निळी, रेघारेघांची — मामा. आईचा भाऊ. दुकान मुळात त्याचं. दोन यंत्रं, एक कापायचं टेबल, भिंतीला आरसा आणि यंत्रापुढे ती शिसवी तिवई, तीन पायांची, मधे जरा खोलगट. मामा त्यावर बसून दिवसभर शिवायचा आणि दिवसभर बोलायचा. गिऱ्हाईक कपडे न्यायला यायचं आणि बातम्या घेऊन जायचं. त्याच्या कंबरेचे चिमटे बघ — छत्तीस, मग चौतीस, मग एकोणतीस. सेहेचाळीस वर्षांचा होता. ‘पोट धरतं’ म्हणायचा, मग रक्त पडायला लागलं, सगळे म्हणाले मूळव्याध, बसून बसून झाली. मी बारा वर्षांची. कर चौकोन काळा.

त्याच्यानंतर तिवईवर बसला माझा दादा. ही तपकिरी पट्टी. मामाला मूल नव्हतं, दादाच त्याच्या हाताखाली शिकला. मास्तर — म्हणजे पुढे जो माझा नवरा झाला तो — तेव्हा दुकानात कापायच्या टेबलावर होता, मी कोपऱ्यात काजं करायची, आणि मास्तर मुद्दाम माझ्याकडे जास्त बटणांचे सदरे द्यायचा. एकेका सदऱ्याला बारा बारा बटणं! गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, मला सात पुरेत. तर ते असो. दादा चोवीस वर्षं बसला तिवईवर. एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. तेच — पोट, रक्त, कंबर चौतीसवरून सव्वीस. सव्वीस गं! दादासारख्या माणसाची! मी शेवटचा सदरा शिवला त्याला, तर दोन्ही बगला आत घेताना माझी सुई… असो. लिही, एक्केचाळीस.

आता तूच सांग, दोन माणसं, एकच तिवई, एकच आजार — आम्ही काय समजायचं? घरात ठरूनच गेलं, तिवईचा दोष. एकजण म्हणाला, लाकडाला उष्णता असते, एकजण म्हणाला, खोलगट आहे म्हणून खालून दाब येतो. मी म्हटलं, फेकून द्या. मास्तर म्हणाला, ‘शिसव आहे, फेकायला वेड लागलंय का?’ आणि बसला तिच्यावर. मी रात्रंदिवस मागे लागले, भांडले, दोन दिवस काजं बंद ठेवली — शेवटी उशी शिवली. चार बोटं जाड. घट्ट भरलेली. ‘बसायचं तर हिच्यावर बस, लाकडाला टेकायचं नाही.’ बसला बिचारा. सत्तावीस वर्षं बसला, आणि काही झालं नाही त्याला! ऐंशीव्या वर्षी गेला तीन वर्षांपूर्वी, झोपेत, सगळे दात तोंडात. मग माझा विश्वास किती बसला असेल उशीवर? तेव्हापासून दिसेल त्याला उशी. दुकानातल्या खुर्च्यांना, शेजारच्या बाईला, तलावाच्या काठावर मासोळीच्या बाकालाही दिली — भिजून शेवाळली ती, पण दिली.

आणि मुलाला — ही खाकी पट्टी, टपालाची. नाव नाही त्याचं, टपाल म्हणतो, कारण टपाल वाटतो तो. त्याला मी दुकानात टेकू दिलं नाही. हात चांगला होता, दहाव्या वर्षी रेघ मारायचा कापडावर तर खडू थरथरायचा नाही. पण नको म्हणजे नको. बैठं काम नको, चालतं-फिरतं काम कर. झाला टपालवाला, रोज सायकलवर हिंडायचा, ऊन-वारा, चार मजले चढायचे, सपाट पोट, तांबडे गाल. मी म्हणायची, बघा, वाचवला मी याला. आणि दोन वर्षांपूर्वी — त्रेचाळीस वर्षांचा — त्यालाच. चार महिने लपवलं त्यानं. रक्त पडतं म्हणून सांगायला लाज. बायकोनं चड्ड्या धुताना पाहिलं म्हणून कळलं. आणि मी काय केलं असेल सांग? तो इथे वर तिसऱ्या मजल्यावर पडलेला, टाके घातलेले, आणि मी घरी बसून सायकलच्या सीटला उशी शिवतेय! हो, खरंच! म्हटलं, तिवई नव्हती तर सीट असणार. शुद्धीवर आल्यावर त्याला दाखवली. हसून हसून टाके दुखले त्याचे. आतड्याचा वीतभर तुकडा काढला, पण बरा झाला, आता परत सायकलवर आहे. उशी लावली नाही त्यानं सीटला. लोक हसतात म्हणे.

मग तुम्ही लोक आलात. त्याचं रक्त नेलंत, कुठे तरी पाठवलंत, महिन्यानं तू आम्हाला बोलावलंस आणि सांगितलंस. मी लक्ष देऊन ऐकलं हं, तेव्हाही आणि आत्ताही ऐकते, आणि मी माझ्या भाषेत सांगते, चुकलं तर टोक. माणसाच्या अंगात कापड सारखं नवं विणलं जातं, आतड्यात तर फार भराभर. विणताना चुका होतात, धागा सुटतो, घर पडतं. म्हणून रफूगार ठेवलेले असतात, चुका शोधून बुजवणारे. प्रत्येकाला एकेका कामाचे दोन — एक आईकडून आलेला, एक बापाकडून. आमच्या घरात त्यातला एक जन्मापासूनच लंगडा. दुसरा धडधाकट असतो तोवर काम निभतं, कुणाला कळतही नाही. पण एखाद्या कोपऱ्यात तो दुसराही थकला की भोकं तशीच राहतात, भोकाला भोक लागतं आणि तिथे कोंब फुटतो, कोंबाची गाठ होते. बरोबर? — बघ! आणि मुलाला लंगडा जायचा की धड, ती नाणेफेक. प्रत्येक मुलाला वेगळी. एकाला मिळाला म्हणून दुसरा सुटला असं नाही, मुलगा-मुलगी भेद नाही. आणि लंगडा मिळाला म्हणून आजार होतोच असंही नाही. आणि तू म्हणालीस, काही घरांत असा मोठा बिघाड नसतोच, बारीक बारीक शंभर फरक असतात, एकेक टाका जरासा ताणलेला, एकट्यानं काही होत नाही, पण सगळे मिळून शिवण तिरकी ओढतात — आणि वर मग खाणं, पिणं, धूर ओढणं. ते दुसऱ्यांचं. आमचा आपला एकच, ठळक, लंगडा रफूगार.

हे मी मासोळीला सांगितलं, जा, तूही रक्त दे. तर म्हणते, ‘मी काय तिवईवर बसले होते?’ घ्या! माझेच शब्द! पस्तीस वर्षं मीच घरात ठसवलं, तिवई, तिवई — आता उपटायचं कसं? ‘मी पाण्यात असते, मला काय होतंय.’ टपालानं समजावलं, तू दोनदा फोन केलास, तिनं दोनदा शिट्टी वाजवून ठेवून दिला. मग मी काय केलं, उठले आणि गेले न्हाव्याकडे.

न्हावी कशाला म्हणजे? तिवई त्याच्याकडे आहे! दुकान बंद केलं तेव्हा मास्तरानं शेजारच्या न्हाव्याला दिली, उशीसकट. बारा वर्षं झाली. न्हावी अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, कानानं कमी ऐकतो, वस्तरा मात्र अजून धरतो, गिऱ्हाइकं डोळे मिटून घेतात तेवढीच. मी म्हटलं, तुमचं पोट कसं आहे? म्हणाला, ‘काय?’ मी ओरडले, पोट! तर सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. ‘ठणठणीत आहे वहिनी, का?’ मी म्हटलं, तिवईवर बसता ना रोज, उशी आहे म्हणून बरं. तर म्हणतो, ‘कसली उशी? उशीवर पहिल्याच आठवड्यात कलपाची बाटली सांडली. फेकली ती. बारा वर्षं मी उघड्या लाकडावर बसतोय, माझी दोन्ही मुलं बसतात, सगळं गाव बसतं. आणि वहिनी, मास्तर तरी कुठे बसायचा उशीवर? तुम्ही दुकानाच्या पायरीवर दिसलात की खाली सरकवायचा, एरवी पायाखाली घ्यायचा.’

सत्तावीस वर्षं! पायाखाली! मला एकदा म्हणाला नाही, लबाड! मी तिथेच त्या तिवईवर बसले आणि हसायला लागले, आणि मग — हसूच होतं ते, डोळ्यांतून आलं एवढंच. घरी येऊन मासोळीला सांगितलं, तिवई निर्दोष सुटली. साक्षीला न्हावी. मास्तर बिनउशीचा ऐंशी जगला, कारण तो बाहेरून आलेला, त्याच्या अंगात आमचा रफूगार नव्हताच. गेले ते सगळे रक्ताचे होते. तेव्हा कुठे पटलं तिला. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. आणि निघाला, तिच्यातही लंगडाच निघाला. म्हणून आज हे दार.

आता किती झालं? — पस्तीस? मग अर्धा तास म्हणाले होते ते काय उगीच? नाही, घाबरत नाहीये मी. विचारलं आपलं.

विचार पुढे. — मामा आणि दादा यांच्या मधे? हं. मामाची बहीण. माझी आई. तू बोट नेमकं तिथंच ठेवलंस. आईचं काय, आई तिवईवर बसली नव्हती, आई दुकानात यायचीही नाही. आईचं पोट वगैरे काही नव्हतं. — कशानं गेली म्हणजे, गेली. सत्तेचाळीस वर्षांची होती. बायकांचं काहीतरी. — अगं, बायकांचं म्हणजे बायकांचं, तू लग्नाची झालीस एवढी, आता काय सांगू! बंद झालं होतं तिचं, दोन वर्षं बंद होतं, आणि मग परत सुरू झालं आणि थांबेचना. मी सतरा वर्षांची. तिचे कपडे मी उकळायची सोडा घालून, मागच्या नळावर, कुणी यायच्या आत. आईनं माझा हात धरून सांगितलं होतं, हे तुझ्या-माझ्यात. दादालाही नाही, बाबांनाही नाही. ही बघ तिची, फिकट गुलाबी. झग्याचं कापड. चौतीस, एकतीस, सत्तावीस — हो. तसेच चिमटे. मामासारखे, दादासारखे. मी कितीदा या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्यात गं, घडी घालताना, पण कधी… तिवईवर नव्हती ना ती. म्हणून मोजलीच नाही तिला कुणी.

त्याच रफूगाराचं काम आहे तेही? गर्भाशयातही? — असं होय.

असं होय.

ती ठेव. ती पिवळी ठेव पिशवीत. ती कामाची नाही. — माझी आहे म्हणून नाही. मी जिवंत आहे, तुझ्यासमोर बसलेय, पंचाहत्तर वर्षांची, रेघ मारायची नाही की काळं करायचं नाही, नुसता गोल काढ आणि… नजर तीक्ष्ण आहे गं तुझी. हो, आहेत दोन चिमटे कंबरेला. बत्तीस आणि अठ्ठावीस. बेचाळीस वर्षांची होते. सांगते. आईसारखंच. मी कुणाला काही बोलले नाही, एकटीच गेले दुसऱ्या गावच्या दवाखान्यात, त्यांनी पिशवी काढली. मास्तराला सांगितलं साधी गाठ होती. मासोळी अठरा वर्षांची होती, तिच्या शर्यती होत्या त्या आठवड्यात, तिला सांगितलं मी मावशीकडे जाते. टाके घेऊन, पट्टी बांधून गेले तिची शर्यत बघायला, काठावर बसले होते, उशी घेऊन. दुसरी आली ती. — डॉक्टर काय म्हणाले? डॉक्टर म्हणाले, बाई, वाईट होतं, पण वेळेत निघालं. दर सहा महिन्यांनी या. दोनदा गेले. मग नाही गेले. बरी होते, काजं करायची होती.

म्हणजे माझ्यातही आहे. म्हणजे माझ्यातूनच गेलं ते. कळतंय मला, मी काही बावळट नाही, तुझी पेन्सिल थांबली तेव्हाच कळलं.

आणि आता तू विचारणार नाहीस, चांगली आहेस म्हणून, पण मीच सांगते. टपालाला इथे आणला ना, तेव्हा त्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं होतं. मी शेजारीच उभी होते. ‘आईला कधी काही?’ आणि मी फटकन म्हणाले, मला काय धाड भरलीय! सगळे हसले. टपालही हसला, तशा अवस्थेत. आणि त्याच्याही आधी, वीस वर्षांपूर्वी, मासोळीच्या बाळंतपणात विचारलं होतं, घरात कुणाला कर्करोग? तेव्हाही नाही म्हणाले. तोंडाला सवय लागली होती गं नाही म्हणायची. बोलले असते तर दोघांची दुर्बीण पंचविशीतच सुरू झाली असती, हो ना? टपालाचा कोंब कोंब असतानाच गेला असता. वीतभर आतडं वाचलं असतं त्याचं. खरं सांग. — नाही, असं गुळगुळीत नको बोलूस. ‘तुमचा दोष नाही आजी’ सगळेच म्हणतील. लंगडा रफूगार मिळाला तो माझा दोष नाही, मान्य, मी काही दुकानातून निवडून आणला नव्हता. पण तोंड माझं होतं.

काय? — अजून वेळ गेलेली नाही? कुणासाठी?

हो. दादाची मुलगी. ती आहे, चौतीस… नाही, दादा गेला तेव्हा तान्ही होती, म्हणजे एकोणचाळीस. तिचा भाऊ बेचाळीस. आणि टपालाची मुलगी, वीस, मासोळीचं पोरही तेवढंच. त्यांना सांगायचं. म्हणून तुला हा नकाशा हवा होता, माझ्या गमती ऐकायला बसली नव्हतीस तू. करीन फोन. पुढच्या आठवड्यात… आज. आज करीन, तू नंबर लावून दे, मला आकडे येत नाहीत, पण बोलता येतं हे तर तू बघतेच आहेस. भावजय म्हणेल, इतकी वर्षं तिवई तिवई करत होतात वन्सं, आता हे काय नवीन? म्हणू दे. आणि काळा कर. माझा गोल. अर्धा? गर्भाशयाचं असलं की अर्धाच? बरं, अर्धा तर अर्धा, आईचाही कर, तिला मी विचारलं नाही, पण रागावायची नाही ती आता. बघ, कसं दिसतंय — आई, मामा, दादा, मी, टपाल. एकाच ठाशाचं कापड.

आणि हे काय लिहितेस? माझं नाव? दुर्बिणीसाठी? माझं? पंचाहत्तराव्या वर्षी मी ते चार लिटर पिऊ? अगं, दारापर्यंत पोचायची नाही मी, मासोळीचे पाय आहेत, माझे कुठे आहेत? — बघू म्हटलं ना. — बरं, लिही. पण हळू पिणार. आणि माझ्यासोबत तिला बसव, काल मी हसले तिला, ती वचपा काढल्याशिवाय राहायची नाही.

थांब. थांब, गप्प. दार.

हो डॉक्टर, मीच आई. सांगा, उभ्यानं सांगा, मी बसूनच ऐकते… दोन? दोन कोंब. केवढे? मुगाएवढे — आणि? काढले? दोन्ही? आत्ता, तिथल्या तिथे? गाठ नाही. बाकी कुठे काही नाही. आणि हे राहिले असते तर? — नको, नका सांगू, राहिले नाहीत ना. पुढच्या वर्षी परत. येईल, येईल, दरवर्षी येईल, मी ओढत आणीन. तपासणीला पाठवणार, पाठवा, पण तुमचा चेहरा बघूनच कळलं मला. जा तुम्ही, जा, हात धुवा.

ऐकलंस का? मुगाएवढे. मामाचे दिसलेच नाहीत कुणाला. दादाचे दिसले तेव्हा काढण्यासारखे नव्हते. आणि हिचे — तिथल्या तिथे. अगं, रडत नाही मी, पत्र्याचा बाक आहे, कमरेत कळ आली. आली बघ, ती बघ, चाकाच्या खुर्चीवर, तोंड सुजलेलं, केस उभे — काय म्हणतेस मासोळी? भूक लागलीय? लागणारच! हिला आधी चहा द्या कुणी तरी, साखर जास्त घालून. तर मास्तराच्या आणि काजवालीच्या मुलीचं पोट साफ निघालं, तिवई न्हाव्याकडे सुखात आहे, आणि काजवालीचं एक सांगायचं राहिलेलं सांगून झालं — निम्मं झालं, निम्मं हिला सांगायचंय, ती जरा शुद्धीवर आली की. तू ऊठ बरं आता. कागद गुंडाळ, पट्ट्या जपून ठेव, पिवळी वर ठेव. ऊठ ना, तिला टेकायचंय इथे. आणि उशी दे इकडे. — माहितेय गं मला, उशीनं काही होत नाही. दे.